एक हात, एक वीत, दोन बोटं

माझं शुद्धलेखन चांगलं नाही. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला शाळेत असतानाही नीट कळलं नाही, आणि चौथीनंतर शाळा सुटली, मग सांगायला कोणी राहिलं नाही. अक्षर तर चिखलातून कोंबडी चालत गेल्यासारखं आहे. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही, तरी लिहिताना कोणीतरी खांद्यावरून बघतंय असं वाटत राहतं. म्हणून आधीच सांगते, चुकलेलं पोटात घाला.

तोंडानं सांगता आलं असतं तर लिहिलं नसतं. पण चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा बायकांना बरेच दिवस वाटत होतं की नवी सून मुकी आहे. आता मी याच बायकांना गाडीत बसवून रोज कापूस वेचायला नेते. गाडी मी चालवते. हे वाक्य लिहिताना मला अजून बरं वाटतं, म्हणून परत लिहिते. गाडी मी चालवते.

व्हॅन जुनी आहे, आम्ही घेतली तेव्हाही जुनीच होती. खरं तर ती यांच्यासाठी, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी घेतली होती. आमच्याकडे कापूस फुटला की वेचणीला बायका मिळत नाहीत, आजूबाजूच्या गावांतून टोळ्या आणाव्या लागतात, आणि टोळीला ने-आण करणाऱ्या गाडीला दिवाळीपासून होळीपर्यंत रोज काम असतं. हे शिकायला म्हणून स्टिअरिंगवर बसले आणि पहिल्याच दिवशी गाडी सरळ शेणखताच्या ढिगात घातली. लागलं कोणाला नाही. पण त्या दिवसापासून चावी हातात घेतली की यांना घाम फुटतो. शिकवणारा माणूस म्हणाला, "पैसे तं देलेच आहे, मंग वहिनीले शिकवू का?" तो चेष्टेनं म्हणाला होता. मी जाऊन बसले. गाडीशी बोलावं लागत नाही, हे मला त्यातलं सगळ्यात आवडलं. पुढं लायसनला आठवी पासची अट राहिली नाही असं कळलं तेव्हा मी यांना घेऊन यवतमाळला गेले आणि परीक्षा देऊन लायसन काढून आणलं.

गाडीचे पैसे माझ्या मोठ्या भावानं दिले होते. तो महागावकडे राहतो. त्यानं व्याज घेतलं नाही, पण वहिनीच्या समोर एक गोष्ट ठरवून घेतली. दोन हंगामांत सगळे पैसे परत करायचे, नाही झाले तर गाडी त्याच्या दारात आणून लावायची, तो विकून आपले पैसे काढेल. वहिनी तेव्हा मला म्हणाली, "बाई, तू तं गिऱ्हाईकाले बस बी म्हननार नाहीस. गाडी काय भाडं मांगन?" मी काहीच बोलले नाही. काही बोलले नाही म्हणजे तिचंच खरं झालं.

पण एक गोष्ट तिला माहीत नव्हती. गाडीत रेडिओ होता.

मी बोलत नसे आणि रेडिओ थांबत नसे. सकाळी निघताना बाजारभाव, हवामान, मग गाणी, संध्याकाळी परत येताना शेतीचा कार्यक्रम आणि फर्माइशी. फर्माइशीत गावांची नावं यायची आणि ओळखीचं गाव आलं की मागच्या सीटवर कालवा व्हायचा. आमच्याच रस्त्यावर अजून एक गाडी चालते. ती नवी आहे, तिच्यात मोठे साउंडबॉक्स आहेत आणि पेनड्राइव्हवर गाणी लागतात. तरी बायका माझ्याकडे यायच्या. त्यांतली एक म्हणाली होती, "त्याच्या गाडीत तेच ते गाने. पेनड्राइव्हले आपलं गाव मालूम हाये काय?"

दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला अँटेनाचं झालं. ती डाव्या बाजूच्या पुढच्या खांबाला बसवलेली होती, चांगली लांब. संध्याकाळी बायका सरपणाच्या मोळ्या टपावर टाकायच्या आणि मोळीचा दोर हटकून अँटेनाला अडकायचा. दोन-तीनदा ती वाकली, मी सरळ केली. शेवटी मारेगावच्या गॅरेजवाल्यानंच सांगितलं, "एवढी लंबी कायले पायजे? नव्या गाड्या पाहा, बोटाएवढी असते. आन् दिसते बी मस्त." मलाही ते पटलं. नव्या गाडीला बोटाएवढी पुरते तर जुनीला जास्त कशाला लागेल? त्यानं वीतभर ठेवून बाकीची कापली आणि टोकाला काळी टोपी बसवली. खरंच छान दिसत होती. मी घरी येईपर्यंत दोनदा आरशात बघितली.

गावात रेडिओ नीट लागला. आमच्या गावापासून शेतांकडे जाताना आधी चढ आहे, तिथंही लागला. चढ संपून सागाच्या जंगलातून उतार सुरू झाला की मात्र नुसता खरखराट. पूर्वी तिथं आवाज थोडा बारीक व्हायचा, पण माणूस काय म्हणतो ते कळायचं. आता कढईत मोहरी टाकल्यासारखं तडतडायचं आणि शेत येईपर्यंत तसंच. उतारावर मोबाइलला नेटवर्क नाही, त्यामुळे मोबाइलवरची गाणीही नाहीत. मी बटण फिरवायची, बायका गप्प, मीही गप्प. गाडीत एवढी शांतता व्हायची की मला माझा श्वास ऐकू यायचा.

"डायवरीनबाई, आज मौन हाये का?" मागून एकीनं विचारलं.

"तिचं तं रोजच असते. आज रेडूचं बी हाये."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण त्या आठवड्यात दोघी त्या दुसऱ्या गाडीत जाऊन बसल्या.

आमच्या टोळीत एक मावशी आहे. वयानं सगळ्यांत मोठी, आणि टोळी तिच्या शब्दावर चालते. ती ज्या गाडीत बसेल तिकडे टोळी जाते. वेचणी सुरू करायच्या आधी शेतात सीतादही करतात, कपाशीच्या झाडाजवळ पूजा मांडून दहीभात शिंपडतात, आणि मग पहिलं बोंड कोणी तोडायचं याला मान असतो. आमच्या भागात तो मान मावशीचा. तिच्या हाताला गुण आहे, तिनं सुरुवात केलेलं शेत वजनाच्या काट्यावर जास्त भरतं असं सगळे मानतात. शेतमालक तिला बोलवायला घरी येतात.

मावशी नेहमी पुढच्या सीटवर, खिडकीशी बसायची. एक दिवस उतारावर रेडिओ तडतडायला लागला तेव्हा ती वैतागून म्हणाली, "हे बुटकं इथं कायले ठेवलं मंग?" आणि खिडकीतून हात बाहेर काढून तिनं अँटेनाची टोपी उपटली आणि उघडी पडलेली तार मुठीत धरली.

रेडिओ बोलायला लागला. एकदम स्वच्छ. कोणीतरी डॉक्टर लहान लेकरांच्या जुलाबाबद्दल सांगत होते.

मावशीनं हात सोडला. तडतड. धरला. डॉक्टर.

"माय वं!" मागची एक ओरडली. "मावशीच्या हाताचा गुन पाहा!"

झालं. त्या दिवसापासून मावशी उताराला लागलं की अँटेना धरायची आणि शेत येईपर्यंत सोडायची नाही. बायकांनी तिचं भाडं घेऊ नये असं मला सांगितलं, कारण तिच्यामुळे रेडिओ चालतो. मी बरं म्हटलं. मला काय, रेडिओ चालला, टोळी टिकली. दोघी गेल्या होत्या त्याही परत आल्या. मावशी हात बाहेर काढून अशी बसायची जशी लग्नाच्या वरातीत नवरदेवाची आत्या.

पण डाव्या बाजूला रस्त्याला लागून बाभळी आहेत. मी गाडी कितीही मध्ये ठेवली तरी समोरून ट्रक आला की बाजूला घ्यावी लागते. एकदा काटेरी फांदीनं तिचा हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडला. मावशीनं पदरानं रक्त पुसलं आणि परत हात बाहेर काढला. "राहू द्या ना मावशी," मी म्हटलं. "फर्माइश चालू हाये, चूप बैस," ती म्हणाली. तो तिचा वेचायचा हात होता. त्या दिवशी तिचा कापूस कमी भरला. मी पाहिलं, कारण मी वजनाच्या काट्याजवळच उभी होते. त्यावरून तिनं कोणाला बोलू दिलं नाही.

मला झोप लागेना असं नाही झालं, पण डोक्यातून ते जाईना.

मग मावशी लेकीच्या बाळंतपणाला दोन-चार दिवस मुकुटबनला गेली. तिच्या जागी एक तरणी सून बसली, फार चेष्टेखोर. उतार आला, तडतड सुरू झाली. ती म्हणाली, "पाहू माह्या हाताले बी गुन हाये का," आणि तिनं हात बाहेर काढून अँटेना धरली. रेडिओ बोलला.

 मागून आवाज आला, "मावशीचा गुन सीटले लागला असन."

बाकीच्यांना ते पटलं. मला नाही पटलं. मावशीचा हात सुरकुतलेला, काळा, चांदीचं कडं घातलेला. हिचा हात गोरा, काचेच्या बांगड्या भरलेला. दोन्ही हातांत सारखं काय? मी गाडी चालवता चालवता तेच बघत होते. सारखं एवढंच होतं की दोन्ही हात अँटेनाच्या पुढं लांब होते. गॅरेजवाल्यानं कापून टाकलेला तुकडाही असाच लांब होता.

दुसऱ्या दिवशी मारेगावचा बाजार होता, वेचणीला सुट्टी. मी यांना म्हटलं, चला जरा. स्वयंपाकघरातून झारा घेतला, कुंपणाची उरलेली तार घेतली, पकड घेतली.

"झारा कायले?" यांनी विचारलं.

"चला तं खरं."

उतारावर, जिथं सगळ्यात जास्त तडतडतं तिथं, मी गाडी बाजूला लावली. चिंधीनं झारा अँटेनाला बांधला आणि दूर झाले. हात लावला नाही. रेडिओ बोलला. हातानं धरल्यापेक्षा खरखर थोडी जास्त होती, पण बोलला. मी टाळी वाजवली असेन, कारण हे माझ्याकडे बघायला लागले.

"मंग आता भाजीत काय घालशीन?" हे म्हणाले.

मला वाटलं, लांबी वाढवल्यानं एवढं होतं तर चांगली लांब लावून बघू. झारा सोडून कुंपणाची तार बांधली आणि तिचं दुसरं टोक यांना धरायला न देता सागाच्या फांदीवर टाकलं. माझ्या मनात होतं, आता मुंबईसुद्धा लागेल. लागलं भलतंच. गाण्याच्या आत कोणीतरी हिंदीत बोलत होतं, आणि दोघांच्या वर खरखर. म्हणजे आखूड चालत नाही आणि फार लांबही चालत नाही. मिठासारखंच. मग मी आत बसून आवाज ऐकायचा आणि यांनी बाहेर पकडीनं तार कापायची असं ठरवलं.

"कापा."

कट.

"अजून."

"काहून? आता चांगलं लागून राह्यलं ना."

"अजून चांगलं लागन. कापा."

हे बोटभर बोटभर कापत होते आणि दर वेळी विचारत होते, "आता?" मी डोळे मिटून ऐकत होते. रेडिओवर एक बाई बोलत होती. आधी तिच्या बोलण्यातला "श" आणि "स" एकच वाटत होता, मग वेगळा झाला. मग एका ठिकाणी ती इतकी स्वच्छ बोलली की ती मधेच श्वास घेते तोही मला ऐकू आला. "थांबा," मी म्हटलं. यांना ऐकू गेलं नाही, त्यांनी अजून एक तुकडा कापला आणि आवाज जरासा उतरला. मी खाली उतरून तो तुकडा परत पिळून जोडून घेतला. आवाज परत आला. तेव्हा मला खात्री झाली.

मग मापलं. माझ्याजवळ पट्टी नव्हती. खालपासून वरपर्यंत माझा एक हात, एक वीत आणि दोन बोटं. ते माप मला आता कधीही झोपेतून उठवून विचारा.

तार वाऱ्यानं वाकत होती म्हणून पक्कं काम करायला घरातल्या मोडक्या छत्रीची काडी काढली, खालच्या उरलेल्या तुकड्यासकट मापाएवढी भरेल अशी कापली आणि गॅरेजवाल्याकडे गेलो. त्यानं छोट्या पितळी जोडाला स्क्रू आवळून ती बसवून दिली. रेडिओ लावून बघितला, मान हलवली.

"नव्या गाडीत अंदर एक डबी राह्यते, ते आवाज वाढवते," तो म्हणाला. "मांगच्या टायमाले म्याच सांगाले पायजे होतं. आन् हे माप कोनं काढून देलं?"

माझी जीभ टाळूला. हे म्हणाले, "आमच्या डायवरनं." यांनी ते एवढ्या मोठ्यानं म्हटलं की शेजारच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली.

आता खरी अडचण पुढं होती. मावशी परत येणार होती. रेडिओ तिच्या हाताशिवाय चालतो हे तिनं बघितलं की तिला काय वाटेल? साऱ्या टोळीसमोर तिच्या हाताचा गुण मी खोटा केल्यासारखं होईल. ती रागावून त्या दुसऱ्या गाडीत जाऊन बसली तर सगळी टोळी जाईल, हंगाम अर्धा राहिला होता, आणि भावाचे पैसेही अजून बरेच राहिले होते. गाडी महागावला नेऊन लावावी लागली असती. यांनी सुचवलं, "ते काडी काढून ठेव. धरू दे बुढीले." मी विचार केला. मग मला तो ओरबाडलेला हात आठवला. मी काडी काढली नाही.

मावशी आली, बसली. नात झाली म्हणून सगळ्यांना पेढे वाटले. चढ संपला, उतार लागला. रेडिओ बोलतच होता. मावशीनं सवयीनं हात बाहेर काढून अँटेना धरली, आणि आवाज बिघडला. तिनं हात सोडला. आवाज स्वच्छ. परत धरला. खरखर.



"म्हंजे," मावशी हळू म्हणाली, "आता माह्या हातानं बिघडते."

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. गाडी चालवताना बोलणं मला जमलंच नसतं. रस्त्याकडे बघतच मी म्हटलं, "मावशी, तुमचा हात लागला तवाच मले समजलं का कमी काय पडून राह्यलं. तुमच्या हाताएवढीच कमी होती. म्हनून तेवढी काडी लावली. तुमचा हात काट्यात नाही जावा म्हनून."

एका दमात एवढं मी त्या बायकांसमोर कधीच बोलले नव्हते. 

मावशीनं बाहेर डोकावून काडी बघितली. मग आपला हात बघितला, त्यावरच्या खपल्या अजून गेल्या नव्हत्या.

"म्हंजे माह्या हाताचं माप घेऊन गाडीले लावलं तुनं?"

"हो."

"मले न इचारता?"

"तुमी मुकुटबनले गेलत्या."

 ती मागं वळून म्हणाली, "पाहा वं पोरीहो. मुकी हाये म्हनता ना तुमी हिले? चूप बसून बसून आपल्या हाताचं माप चोरते हे!" आणि हसली. तिच्यानंतर मग सगळ्या हसल्या. मागची ती चेष्टेखोर सून म्हणाली, "मावशी, मापाचं भाडं मांगा तिले." मावशी म्हणाली, "नाही वं. हात गाडीचं काम करे तवर भाडं माफ होतं. आता हात मोकळा झाला." तिनं कमरेची पिशवी सोडली आणि त्या दिवसाचं भाडं माझ्या मांडीवर ठेवलं. मी नको म्हटलं तर म्हणाली, "घे. फुकट बसली तं मांगच्या सीटवर जा लागन मले."

त्या दिवशी तिचा कापूस टोळीत सगळ्यात जास्त भरला. काट्यावर मी परत उभी होते. मला काय झालं होतं माहीत नाही, मी ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांकडे बघून हसत होते.

टोळी होळीपर्यंत माझ्याच गाडीत राहिली. मधे एकदा त्या दुसऱ्या गाडीवाल्यानं मावशीला विचारलंही होतं. ती त्याला म्हणाली, "तुह्या गाडीत माह्या मापाचं काय हाये?" हे मला नंतर दुसरीनं सांगितलं. आता आमच्या रस्त्यावरच्या दोघा-तिघांनी मला माप विचारून आपल्या जुन्या गाड्यांच्या अँटेना नीट करून घेतल्या. त्यांना तोंडानं सांगायला मला जड जातं, म्हणून मी हात धरून दाखवते. कोपर, वीत, बोटं. त्यांना कळतं.

हंगाम संपल्यावर आम्ही दोघं महागावकडे गेलो, अर्थात माझ्याच गाडीनं. दारात गाडी लावली तेव्हा वहिनी बाहेर आली आणि तिचा चेहरा बदलला. तिला वाटलं गाडी द्यायलाच आलो. "अरे देवा, नाही झालं वाटते," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच वाईट वाटलं होतं तिला. ते मी विसरणार नाही.

मी आत जाऊन दादाच्या पाया पडले आणि राहिलेले पैसे त्याच्या हातात ठेवले. त्यानं ते मोजले नाहीत, वहिनीकडे दिले. वहिनीनं मात्र नीट मोजले, दोनदा मोजले, आणि म्हणाली, "झाले वं बाई. सगळे झाले."